सप्टेंबरपर्यंतची जर्मनी

अंधेरी पूर्वेला लाल दिवा बघून थांबणारा पादचारी मी आयुष्यात एकच पाहिला. रस्ता रिकामा असो, पाऊस असो, मागून लोक धक्के मारून पुढे जात असोत, हे गृहस्थ फुटपाथच्या कडेला डबा छातीशी धरून उभे. रिक्षावाले मुद्दाम हळू करून विचारायचे, "क्या चाचा, गाडी बंद पड गयी क्या?" चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते हिरव्या दिव्याची वाट बघायचे. मी दोनदा त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत चाललो आणि तिसऱ्यांदा कामाचं निमित्त काढून मागे राहिलो.

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे 'जर्मन' म्हणत. औद्योगिक वसाहतीतला एक लांबट हॉल, वर पत्रे, चाळीस माणसं आणि सहा पॉवर प्रेस, एवढाच आमचा पसारा. सपाट पत्रा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून काही टनांचा ठोकळा धाडकन खाली येतो आणि पंख्याची वाटी तयार होते. या प्रेसचे साचे जर्मन बनवत, तेच बसवत, आणि प्रेस सुरक्षित आहेत की नाहीत हे बघण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. मी त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान, पण डिप्लोमाच्या जोरावर चार वर्षांतच उत्पादन विभागाचा प्रमुख झालो होतो. म्हणजे कागदावर मी त्यांचा साहेब.

ते चोवीस वर्षांचे असताना थोरल्या मालकांनी त्यांना दहा महिन्यांसाठी जर्मनीतल्या एका लहानशा गावी, तिथल्या प्रेसच्या कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. फेब्रुवारीत गेले, डिसेंबरात परत आले. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली होती, पण यांच्या अंगातून जर्मनी काही उतरली नव्हती. हॉलच्या जमिनीवर त्यांनी स्वतःच्या हाताने पिवळे पट्टे मारले होते आणि ते त्या पट्ट्यांमधूनच चालत. समोरची जागा मोकळी असली, तिरकं गेलं की चार पावलांत पोचता येत असलं, तरी हे काटकोनात वळून येणार. दुपारी साडेबाराला डबा उघडताना सगळ्यांना ऐकू जाईल असं "मालत्साइट" म्हणत. तिकडे जेवायच्या वेळी असं म्हणतात म्हणे. पोरं मागून ओरडायची, "माल साइडला ठेवा!" तेही त्यांना चालायचं.

सर्वांत जास्त चेष्टा करायचा तो तीन नंबरच्या प्रेसवरचा परब. मालवणकडचा, भांडुपला राहायचा आणि डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या चढाओढीच्या, भजनात पखवाज वाजवायचा. त्याचा हात पखवाजावर पडला की समोरचा बुवा गायचं विसरतो, असं त्याचे गाववाले सांगत. तो जेवताना डब्याच्या झाकणावर बोटं नाचवायचा तेव्हा आम्हीही घास तोंडात तसाच धरून बसायचो. आमच्या आयाबाया अॅल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मनचं पातेलं म्हणत, तो धागा पकडून परब म्हणायचा, "जर्मनचो टोप तो. बेगीन तापता नि बेगीन निवता."

तापायचे खरे. हातमोजे न घालता पत्रा उचलला, डोक्याला टोपी नसली, कुणी पिवळ्या पट्ट्यात खोका ठेवला की यांचा पारा चढे आणि ठरलेलं वाक्य येई, "तिकडे असं चालत नाही." दिवसातून दहा-बारा वेळा तरी ते ऐकावं लागे. माझं डोकं मुळातच लवकर फिरतं. एकदा मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणालो, "मग तिकडेच राहायचं होतंत ना. आलात कशाला?" ते पट्ट्यातून चालत टूलरूममध्ये गेले. मला वाटलं, जिरली.

मूड असला की मात्र ते तिकडच्या गोष्टी रंगवून सांगत. पहिल्या सकाळी खिडकीतून बर्फ दिसला म्हणून ते बनियनवर बाहेर पळाले आणि घरमालकिणीने त्यांना कानाला धरून आत आणलं. ती बाई आठवड्याचे सातही दिवस बटाटा रांधायची, पण सात तऱ्हांनी. रविवारी गावात कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. बस सहा वाजून अकरा मिनिटांनी येते म्हणजे येतेच. शेजारच्या मशीनवर त्यांच्या आईच्या वयाची एक बाई काम करायची, ती रोज एक सफरचंद पुसून यांच्या टेबलावर ठेवायची. कारण काय, तर हा मुलगा मांस खात नाही, म्हणजे उपाशी मरणार! उन्हाळ्यात कारखान्याची सहल कुठल्याशा तळ्याकाठी गेली, तिथे यांनी लाजत लाजत लावणी म्हणून दाखवली. सप्टेंबरात गावात द्राक्षांचा उत्सव होतो, तो तर त्यांनी मला किमान सहा वेळा ऐकवला असेल.

त्यानंतरचं काही नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या तीन महिन्यांची एकही गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. ऐकताना हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. कंटाळून ऐकणाऱ्या माणसाला गोष्ट कुठे थांबली हे कळत नाही, ती थांबली याचाच त्याला आनंद असतो.

आता प्रेसला घालतात त्या हारांचं सांगतो. प्रेसच्या तोंडाशी जाळीचं दार असतं, त्याला गार्ड म्हणतात. दार लागलं की चौकटीवरचा बोटाएवढा स्विच दाबला जातो आणि मगच प्रेस चालते. दार उघडं असलं तर पेडलवर नाचलात तरी ठोकळा खाली येत नाही. जर्मन रोज सकाळी सातला सहाही दारं उघडून, पेडल दाबून खात्री करत आणि रजिस्टरात सही करत. वर्षाचे बाकीचे दिवस हे बिनबोभाट चाले. तंटा व्हायचा तो खंडेनवमीला.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असे. आदल्या दिवशी प्रेस धुऊनपुसून लख्ख करायची, दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडू, आंब्याची पानं, भाताच्या लोंब्या. थोरल्या मालकांच्या पत्नी, म्हणजे धाकट्या मालकांच्या आई, स्वतः येऊन आरती करत. ज्याची त्याची प्रेस ज्याने त्याने सजवायची आणि त्यात चढाओढ लागे. एकदा घातलेला हार सुकून आपोआप उतरेपर्यंत काढायचा नाही, हा सगळ्यांचा रिवाज. आणि हे गृहस्थ आरतीचं तबक फिरतं न फिरतं तोच खिशातून कात्री काढून सहाही प्रेसचे हार सटासट कापून टाकीत. लोकांच्या तोंडात अजून पेढा असे. मालकांच्या आई डोळ्याला पदर लावत.

"देवाच्या हाराक कातर लावणारो हो पयलोच माणूस बघलंय," परब म्हणायचा, आणि त्यात त्याची नेहमीची चेष्टा नसायची.

जर्मनांचं उत्तर ठरलेलं होतं. "देवाला हात जोडायचे असतात रे, देवाच्या तोंडात घालायचे नसतात."

मी प्रमुख झालो त्या वर्षी थोरले मालक वारले होते. त्यांच्या पत्नीची गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, तरी त्या पूजेला येणार होत्या. धाकट्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "आईच्या डोळ्यांत या वर्षी पाणी आलं तर मी तुला विचारीन. म्हाताऱ्याला आवर."

मी पद मिळून पाच महिने झालेला माणूस. बायकोला सातवा महिना. मी तडक टूलरूममध्ये गेलो आणि म्हणालो, "या वर्षी हारांना हात लावायचा नाही. ही विनंती नाही, ऑर्डर आहे."

"हार असताना मी गार्ड तपासणार नाही," ते म्हणाले. "तपासून झाल्यावर हार सरकला, तर तपासणीला काही अर्थच राहत नाही. सहीही करणार नाही."

"नका करू. दोन दिवस नाही तपासलं म्हणून आकाश कोसळत नाही."

"लिहून द्या."

मला हसू आलं. "अहो, हे अंधेरी आहे. इथे काय तुमची जर्मनी आहे का, लिहून द्यायला?"

त्यांनी कात्री खिशातून काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. पूजा झकास झाली. मालकांच्या आई हसल्या, सगळ्यांना स्वतःच्या हाताने पेढे दिले. परबने तीन नंबरला चौकटीभोवती दुहेरी हार गुंडाळला होता, खाली घसरू नये म्हणून दोऱ्याने आवळून. सगळ्यांत सुंदर तीच प्रेस दिसत होती, आणि मीच त्याला तसं म्हणालो.

दसऱ्याची सुट्टी संपून तिसऱ्या दिवशी सकाळी सातला काम सुरू झालं. जर्मन टूलरूमच्या दारात, पिवळ्या पट्ट्यात उभे होते. प्रेसपाशी आले नाहीत, सही केली नाही. साडेसातच्या सुमारास तीन नंबरमध्ये एक वाटी अडकली. ती काढायला परबने रोजच्यासारखं दार उघडलं आणि हात आत घातला. दार उघडं, म्हणजे ठोकळा येणार नाही, हे त्याच्या हातापायांना वीस वर्षं माहीत होतं, म्हणून त्याने पाय पेडलवरून काढला नव्हता. हाराच्या गाठीने स्विच दाबून धरला होता. प्रेसच्या लेखी दार बंदच होतं.

मी माझ्या टेबलाशी होतो. रोजच्या आवाजातच एक आवाज वेगळा आला आणि मग सगळ्या प्रेस एकेक करून थांबल्या. जर्मन पहिल्यांदा पट्टा सोडून तिरके धावलेले मी तेव्हा पाहिले. परबच्या उजव्या हाताचा अंगठा तेवढा वाचला. उरलेली चार बोटं डॉक्टरांना काही करता येण्यासारखी राहिली नव्हती.

अपघातानंतर चौथ्या दिवशी सरकारी निरीक्षक आले. त्यांनी रजिस्टर उघडलं, त्या तारखेची रिकामी चौकट बघितली आणि जर्मनांना विचारलं, "इथे सही का नाही?"

"मी तपासलं नाही."

"का नाही तपासलं?"

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, हातभर अंतरावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला खरंच सांगता येत नाही. त्यांनी पाहिलं नाही. "नाही तपासलं," एवढंच ते पुन्हा म्हणाले. निरीक्षकांनी ते लिहून घेतलं. मी घसा खाकरला, आणि खाकरूनच थांबलो. पंधरा दिवसांनी जर्मनांना काढून टाकल्याचं पत्र मीच टाइप करून घेतलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

माझ्या मुलीचं बारसं झालं, आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. घाटकोपरला, गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या वसाहतीत, तळमजल्यावर दोन खोल्या. दुपारची वेळ होती. वहिनींनी चहा दिला आणि त्या आत भाजी निवडायला बसल्या. इकडचं तिकडचं बोलायला आमच्याकडे काही नव्हतंच. मी सरळ विचारलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

ते बशीतला चहा निववत बसले. मग त्यांनी मला ऑक्टोबर सांगितला.

"तिकडे आमच्या हॉलमध्ये फळा होता," ते म्हणाले. "कुणी किती जॉब काढले ते रोज त्यावर लिहीत. माझा नंबर कायम शेवटचा. मला वाटायचं, हे लोक म्हणत असतील, हिंदुस्थानी माणूस असाच. एक दिवस माझ्या लक्षात आलं की दार उघडायचं-लावायचं यात निम्मा वेळ जातो. मी रुमालाने तो स्विच बांधून टाकला. दार उघडं ठेवूनच काम. तीन दिवसांत मी फळ्यावर पहिला आलो. फोरमनने बघितलं. न बघायला काय झालं, रुमाल समोरच होता. त्याने माझा हात हातात घेऊन दाबला."

"मग?"

"रोज जाताना मी रुमाल सोडत असे. चौथ्या दिवशी विसरलो. फळ्याकडे बघत बघतच बाहेर पडलो होतो. दुपारच्या पाळीला माझ्या मशीनवर ती आली होती. सफरचंदवाली. त्या आठवड्यात तिची पाळी बदलली होती, आणि तिचं मशीन बिघडलं होतं."

आतून गवारीच्या शेंगा मोडल्याचा आवाज येत होता.

"तीन बोटं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तेव्हा मला वाटलं, आता पोलीस येणार. कुणीही आलं नाही. मला विचारलं तर फोरमनलाही उत्तर द्यावं लागलं असतं ना. माझा रुमाल तेवढा धुऊन, इस्त्री करून माझ्या कपाटात ठेवलेला. मी वाट बघितली. रोज वाटायचं, आज विचारतील, आज मी सांगून टाकीन. दोन महिने वाट बघितली आणि विमानात बसलो. निघायच्या दिवशी ती बाई स्टोअरच्या खिडकीवर बसली होती, तिला तिथे काम दिलं होतं. तिने डाव्या हाताने मला मुरंब्याची बरणी दिली. तिला माहीत होतं की नव्हतं, मला आजतागायत कळलेलं नाही."

"तुम्ही आम्हाला सारखं सांगायचात, तिकडे असं चालत नाही..."

"चालतं. तिकडेच चाललं." त्यांनी बशी खाली ठेवली. "तिकडे मला कुणी विचारलंच नाही. या वेळी विचारलं. मग मी सांगितलं."

मला हुंदका आला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी म्हणालो, "पण ही चूक तुमची नव्हती हो. माझी होती. ती तुम्ही तुमच्या अंगावर घेतलीत."

"छे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जुन्यासारखा तापला. "तुमची मी कशाला घेऊ? हार होता म्हणून मी रुसलो. तपासलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. ती माझी. ती आणि तिकडची, दोन्ही माझ्या. तुमची मी घेतलेली नाही. ती तुमच्याकडेच आहे."

एवढं बोलून त्यांनी वहिनींना हाक मारली, "अगं, हे निघालेत." मी निघालो नव्हतो, पण उठलो.

पुढे कारखाना बंद पडला. त्या जागी आता काचेची इमारत आहे, सगळे गळ्यात पट्टे अडकवून फिरतात. मी मुलुंडला दुसऱ्या नोकरीत स्थिरावलो, केस पिकले. जर्मनांकडे पुन्हा गेलो नाही. दर दसऱ्याला जायचं ठरवत असे आणि दर दसऱ्याला काहीतरी निघत असे. मध्ये नऊ वर्षं गेली.

यंदा थंडीत ते गेले. वहिनींच्या भावाने फोन केला म्हणून कळलं. स्मशानात आम्ही सहा माणसं होतो, कारखान्यातला मी एकटा. अग्नी दिला तेव्हा मला रडू आलं नाही, भीती वाटली. आता खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच उरलो होतो, आणि आता मला कुणीही, कधीही विचारणार नव्हतं.

त्याच रविवारी सकाळी मी भांडुपला परबकडे गेलो. अपघातानंतर मालकांनी त्याला गेटवर खुर्ची दिली होती, कारखाना गेला तशी तीही गेली. आता तो घरीच असतो. ज्यांच्या बारीत तो वाजवायचा त्या बुवांचं भजन शेजारच्या मैदानात असलं, तरी तो ऐकायलाही जात नाही, असं त्याची बायको मला दारातच कुजबुजून म्हणाली.

मी त्याला सांगितलं, जर्मन गेले.

"आयकलंय," परब म्हणाला. "बरा झाला. मी काय त्येच्यासाठी रडूचंय नाय. वर्साचे वर्सा हार कापी. नि ज्या वर्साक कापूक व्हयो होतो, त्या वर्साक रुसान बसलो. माज्या हातापरीस त्येका आपलो राग मोठो."

तेव्हा मी सांगितलं. एका दमात, सगळं. मालकांनी मला काय सांगितलं, मी टूलरूममध्ये जाऊन काय बोललो, त्यांनी लेखी मागितलं तेव्हा मी कसा हसलो, निरीक्षकांसमोर कसा गप्प राहिलो. पण मालकांनी सांगितलं म्हणून केलं, असं म्हणत मी अंग चोरलं नाही. एवढं एक तरी मला जमलं.

परब माझ्याकडे बघत होता. त्याने शिवी दिली नाही. डाव्या हाताने तो उजव्या हाताचा अंगठा चोळत राहिला.

"आणि ह्या माका तुमी आता सांगतास? तो मेल्यार?"

"हो," मी म्हणालो.

"नऊ वर्सां," तो म्हणाला. "रोज सकाळी उठान, ह्या डाव्या हातान तोंड धुताना मी त्येका गाळी घातलंय, सायबा. एक दिवस चुकवूक नाय. आता त्यो गाळी मी खंय नेव?"

बायको चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. परबने मला जा म्हटलं असतं तर मी गेलो असतो. तो म्हणाला नाही, आणि मी बसून राहिलो.